नेटझेन_निक

'''नेटझेन_निक''' हा लिनक्स या युनिक्ससदृश संचालन प्रणालीतील नेटवर्क कार्डाचा ड्रायव्हर आहे. नेटझेन या अमेरिकन कंपनीच्या १ आणि १० गिगाबिट प्रतिसेकंद वेगाच्या इथरनेट कार्डांसाठी तो लिहिण्यात आला. त्याचे मूळ लेखन पुण्यातील लिनसिससॉफ्ट टेक्नॉलॉजीज या संस्थेतील अमित काळे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नेटझेनसाठी कंत्राटी पद्धतीने केले. २००६ मध्ये हा ड्रायव्हर सार्वजनिक परीक्षणासाठी मांडला गेला आणि फेब्रुवारी २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या लिनक्स २.६.२० या आवृत्तीत तो समाविष्ट झाला. मूळ कंपनी २००९ मध्ये विकली गेली. ड्रायव्हर मात्र त्यानंतरही लिनक्सच्या प्रत्येक नव्या आवृत्तीबरोबर अनेक वर्षे जगभर पोहोचत राहिला.

== ड्रायव्हर म्हणजे काय ==

संगणकाला जोडलेल्या प्रत्येक उपकरणाची स्वतःची भाषा असते. कोणत्या पत्त्यावर कोणता आकडा लिहिला असता कार्ड जागे होते, माहिती पाठवल्याची खूण कोठे उमटते, चूक झाल्यास ती कशी कळते, या गोष्टी चिपगणिक बदलतात. संचालन प्रणालीच्या गाभ्याला, म्हणजे कर्नलला, या साऱ्या बोली शिकवणे शक्य नसते. त्यामुळे कर्नल एक ठरावीक व्यवहारभाषा नेमतो आणि तिचे उपकरणाच्या बोलीत रूपांतर करणारा दुभाषी प्रत्येक उपकरणासाठी वेगळा लिहिला जातो. या दुभाष्याला ड्रायव्हर म्हणतात. मराठीत त्यासाठी 'चालक' किंवा 'चालक आज्ञावली' असे शब्द सुचवले गेले आहेत. परंतु 'चालक' म्हटले की डोळ्यांसमोर एसटीचा चालक उभा राहतो, आणि येथे कोणी काही चालवत नसून एकाचे म्हणणे दुसऱ्याला समजावून देत असतो. म्हणून या लेखात रूढ शब्दच वापरला आहे.

युनिक्समध्ये बहुतेक उपकरणे फाइलच्या रूपात दिसतात. छापयंत्र असो वा चकती, तिच्या नावाची एक फाइल असते आणि ती उघडून वाचता-लिहिता येते. नेटवर्क कार्ड हा या नियमाला लिनक्समध्ये असलेला ठळक अपवाद होय. त्याची फाइल नसते, केवळ नाव असते, उदाहरणार्थ 'इथ०'. फाइल वाचणारा प्रोग्रॅम स्वतःहून माहिती मागतो. नेटवर्कवरची माहिती मात्र कोणी मागो वा न मागो, बाहेरून केव्हाही येऊन धडकते. ती कोणत्या प्रोग्रॅमची आहे हे पाकीट उघडून पाहिल्यावरच कळते. त्यामुळे ४.२ बीएसडी या १९८३ च्या युनिक्स आवृत्तीत आलेल्या सॉकेट या कल्पनेमार्फत प्रोग्रॅम नेटवर्कशी बोलतात आणि कार्ड त्या पडद्याआड राहते.

== पार्श्वभूमी ==

लिनक्सच्या आरंभीच्या काळात इथरनेट कार्डांचे अनेक ड्रायव्हर डोनाल्ड बेकर यांनी लिहिले. ते अमेरिकेतील नासाच्या गोडार्ड केंद्रात होते. तेथे १९९४ मध्ये साध्या संगणकांची मोट बांधून बेओवुल्फ हा समूहसंगणक उभारण्यात आला, आणि त्यासाठी स्वस्त कार्डांकडून चांगले काम करवून घेणे आवश्यक होते. त्या काळी १० मेगाबिट हा वेग पुरेसा मानला जाई. पुढील बारा वर्षांत तो हजारपट झाला.

या हजारपटीचा अर्थ आकड्यांतूनच नीट कळतो. इथरनेटवरील सर्वांत लहान चौकट ६४ बाइटची असते; तिच्या आधीचा प्रास्ताविक भाग आणि दोन चौकटींमधील सक्तीची मोकळी जागा धरून ती तारेवर ८४ बाइटचा वेळ घेते. १० गिगाबिटच्या तारेवर अशा चौकटी सेकंदाला सुमारे १ कोटी ४८ लाख ८० हजार येऊ शकतात. म्हणजे एका चौकटीच्या वाट्याला सुमारे ६७ नॅनोसेकंद येतात. ३ गिगाहर्ट्झच्या प्रक्रियकाला या अवधीत जेमतेम २०० ठोके मिळतात, आणि मुख्य स्मृतीतून एकदा वाचायचे म्हटले तरी त्यांतील बराचसा भाग संपतो. पूर्ण लांबीच्या चौकटी असतील तर परिस्थिती सुसह्य होते. तेव्हा ही संख्या सेकंदाला सुमारे ८ लाख १२ हजारांवर येते. नेटझेनसारख्या कार्डांनी काही काम स्वतःकडे घेण्यामागचे कारण या गणितात आहे.

== रचना आणि कार्य ==

=== ओळख पटवणे ===

पीसीआय मार्गिकेवरील प्रत्येक उपकरण आपल्या उत्पादकाचा आणि प्रकाराचा क्रमांक सांगते. नेटझेनचा उत्पादक क्रमांक षोडशमान पद्धतीत ४०४० असा आहे. ड्रायव्हरच्या आरंभी आपण कोणकोणती कार्डे जाणतो याचा एक तक्ता असतो. कर्नलला जुळणारा क्रमांक दिसला की तो ड्रायव्हरमधील 'प्रोब' हे कार्य हाक मारून बोलावतो. प्रोब कार्डाला जागे करते, त्याची स्मृती कर्नलच्या पत्त्यांत आणून बसवते, कार्डावरील फ्लॅश स्मृतीतून त्याचा ४८ बिटांचा मॅक पत्ता वाचते आणि शेवटी कर्नलकडे नवे नेटवर्क उपकरण म्हणून नोंदणी करते. यांतील प्रत्येक पायरी फसू शकते, आणि फसली तर तोवर घेतलेले सारे उलट्या क्रमाने परत करावे लागते. ड्रायव्हर वाचणाऱ्या नवख्याला कार्याच्या शेवटी असलेली ही परतफेडीची उतरंड कंटाळवाणी वाटते. अनुभवी परीक्षक मात्र पहिल्यांदा तीच वाचतो.

=== खिडकीची अडचण ===

या कार्डाची एक खोड उल्लेखनीय आहे. त्याच्या अंतर्गत नोंदकांचा, म्हणजे रजिस्टरांचा, पसारा पीसीआयवर मिळालेल्या १२८ मेगाबाइटच्या जागेत एका वेळी मावत नव्हता. म्हणून चिपच्या रचनाकारांनी खिडकीची युक्ती योजली. खिडकी क्रमांक १ नेहमी उघडी असते आणि रोजच्या वापरातील नोंदक तिच्यातून दिसतात. खिडकी क्रमांक ० मधील नोंदक हवा असेल तर आधी खिडकी बदलायची, वाचायचे किंवा लिहायचे, आणि पुन्हा खिडकी १ वर यायचे.

एकट्या प्रक्रियकाच्या यंत्रात हे सोपे आहे. परंतु एका प्रक्रियकाने खिडकी बदललेली असताना दुसऱ्याने पूर्वीच्याच समजुतीने लिहिले, तर तो आकडा भलत्याच नोंदकात पडतो. कार्ड त्याबद्दल तक्रार करीत नाही. ते निमूटपणे चुकीचे वागू लागते. यासाठी ड्रायव्हरमध्ये वाचन-लेखनाचे कुलूप वापरले आहे. खिडकी १ मधील कामे अनेकांना एकाच वेळी करता येतात, परंतु खिडकी बदलणाऱ्याला सर्वांना थांबवून एकट्याने आत जावे लागते. वेगाच्या वाटेवर खिडकी बदलण्याची वेळच येऊ नये, अशी मांडणी त्यामुळे करावी लागली.

=== वलये ===

कार्ड आणि कर्नल यांच्यातील खरा व्यवहार मुख्य स्मृतीतील वलयांतून चालतो. वलय म्हणजे ठरावीक लांबीची यादी. शेवटच्या नोंदीनंतर पुन्हा पहिली नोंद येते. विहिरीवरील रहाटगाडगे ज्याने पाहिले आहे त्याला ही रचना लगेच समजेल. रिकामी गाडगी खाली जातात, भरून वर येतात, पन्हळीत ओतली जातात आणि पुन्हा खाली जातात. येथे गाडगी म्हणजे स्मृतीतील मोकळे तुकडे होत. ड्रायव्हर रिकाम्या तुकड्यांचे पत्ते वलयात मांडून ठेवतो, कार्ड त्यांत आलेल्या चौकटी भरते. कार्ड प्रक्रियकाला मध्ये न घेता थेट मुख्य स्मृतीत लिहिते. या सोयीला डीएमए म्हणतात.

नेटझेन_निकमध्ये अशी अनेक वलये आहेत. पाठवण्याच्या आज्ञांचे एक वलय आहे. येणाऱ्या माहितीसाठी साध्या आकाराच्या, मोठ्या आकाराच्या आणि जोडून एकत्र केलेल्या चौकटींच्या तुकड्यांची निरनिराळी वलये आहेत. यांखेरीज एक स्थितिवलय असते. कोणते गाडगे भरले याची वर्दी कार्ड या स्थितिवलयात देते. त्यातील प्रत्येक नोंदीवर मालकीची खूण असते: नोंद सध्या यजमान संगणकाची आहे की 'फँटम'ची. फँटम हे या चिपचे टोपणनाव होय. खूण यजमानाची दिसली तरच ड्रायव्हरने ती नोंद वाचायची, आणि वाचून झाल्यावर मालकी फँटमला परत द्यायची.

ही शिस्त मोडली तर काय होते, हे समजून घेणे महत्त्वाचे आहे. समजा, ड्रायव्हरने एक तुकडा मोकळा झाला असे मानून कर्नलला परत केला, परंतु कार्डाच्या लेखी तो अजून वलयातच आहे. कर्नल तो तुकडा दुसऱ्या कोणाला देतो. एखाद्या फाइलची माहिती तेथे येऊन बसते. थोड्या वेळाने कार्ड तारेवरून आलेली चौकट त्याच पत्त्यावर लिहिते. ज्याचे नुकसान झाले त्याचा नेटवर्कशी काही संबंधही नसतो, आणि बिघाड उघडकीस येतो तेव्हा ड्रायव्हर तेथून केव्हाच पुढे गेलेला असतो.

याच कारणाने लिहिण्याचा क्रमही पाळावा लागतो. आधुनिक प्रक्रियक वेगासाठी स्मृतीतील लेखनाचा क्रम बदलू शकतात. 'पाकीट तयार आहे' ही वर्दी आधी आणि पाकिटातील मजकूर नंतर, असे झाल्यास कार्ड अर्धवट चौकट पाठवून मोकळे होईल. त्यामुळे वर्दी देण्याआधी क्रम बांधून घेणारी विशेष आज्ञा ड्रायव्हरमध्ये घालावी लागते.

=== घंटा आणि फेरी ===

चौकट आली की कार्ड प्रक्रियकाला खंडन पाठवते, म्हणजे हातातले काम थांबवायला लावणारी घंटा वाजवते. दारावर दिवसातून दोनदा पोस्टमन येत असेल तर घंटा ठीक आहे. सेकंदाला लाखो पत्रे येऊ लागली तर घरातल्या माणसाचा सारा वेळ दार उघडण्यातच जाईल. १९९० च्या दशकाअखेर नेमकी हीच स्थिती आली होती. जमाल हादी सलीम, रॉबर्ट ओल्सन आणि अलेक्सी कुझनेत्सोव्ह यांनी यावर नापी या नावाने ओळखली जाणारी पद्धत आणली. ती लिनक्स २.४.२० पासून स्थिर शाखेत उपलब्ध झाली. पहिली घंटा वाजली की ड्रायव्हर पुढच्या घंटा बंद करतो आणि कर्नलला सांगतो, 'आता मला ठरावीक काळाने विचारीत राहा.' कर्नल फेरी मारतो आणि प्रत्येक फेरीत ठरलेल्या मर्यादेपर्यंत, बहुधा ६४ चौकटी, उचलतो. मर्यादेपेक्षा कमी चौकटी निघाल्या, म्हणजे गर्दी ओसरली, की घंटा पुन्हा सुरू होते. नेटझेन_निक आरंभापासून याच पद्धतीने लिहिला गेला.

== परीक्षण ==

खासगी कंपनीचा ड्रायव्हर तिच्या संकेतस्थळावर ठेवणे आणि तो लिनक्सच्या मुख्य संहितेत जाणे यांत मोठा फरक आहे. मुख्य संहितेत जाण्यासाठी संहिता सर्वांसमोर मांडावी लागते आणि कोणीही तिच्यावर बोट ठेवू शकतो. नेटवर्क ड्रायव्हरांची जबाबदारी त्या काळी जेफ गार्झिक यांच्याकडे होती. नेटझेन_निकची संहिता तुकड्यातुकड्यांनी, अनेक फेऱ्यांत सादर झाली आणि डिसेंबर २००६ मध्ये गार्झिक यांनी ती स्वीकारली. स्वीकारानंतरही दुरुस्त्या चालू राहिल्या. पीसीआय उपकरणे आकड्याचा लहान भाग आधी ठेवतात, तर पॉवर जातीचे प्रक्रियक पारंपरिकरीत्या मोठा भाग आधी ठेवतात. त्यामुळे इंटेलच्या यंत्रावर बिनचूक चालणारा ड्रायव्हर पॉवर यंत्रांवर चालावा म्हणून त्यात स्वतंत्र दुरुस्त्या कराव्या लागल्या.

संहितेच्या इतिहासात कंत्राटी लेखकांची नावे टिकून राहिली, ही या पद्धतीची एक चांगली बाजू म्हणावी लागेल. पुण्यातील अनेक संस्था त्या काळी परदेशी कंपन्यांसाठी असे काम करीत असत आणि बहुतेकांच्या कामावर ग्राहकाचेच नाव लागत असे. येथे मात्र सुरुवातीच्या नोंदींत लेखकाच्या नावापुढे 'लिनसिसचा कंत्राटदार' असा उल्लेखही आढळतो. पुढील काळात धनंजय फडके यांचे नाव या ड्रायव्हरच्या सांभाळकर्त्यांत दिसते.

== दोष शोधणे ==

ड्रायव्हर कर्नलच्या आतच चालत असल्याने त्यातील चूक साऱ्या यंत्राला घेऊन बुडते. स्टॅनफर्ड विद्यापीठातील संशोधकांनी २००१ मध्ये लिनक्स आणि ओपनबीएसडी यांच्या संहितेची यांत्रिक तपासणी केली, तेव्हा ड्रायव्हरांमधील चुकांचे प्रमाण उर्वरित कर्नलच्या तीन ते सात पट असल्याचे आढळले. कारणे उघड आहेत: ड्रायव्हर ज्या उपकरणासाठी असतो ते थोड्यांकडेच असते, त्यामुळे त्याची चाचणीही थोड्यांकडूनच होते.

साधा प्रोग्रॅम बंद पडला तर दुसऱ्या प्रोग्रॅमने त्याचे निरीक्षण करता येते. कर्नलच थांबला तर निरीक्षण करणार कोण? यासाठी केजीडीबी हे साधन आहे. दोन संगणक एकमेकांना सिरियल तारेने जोडायचे. एकावर तपासायचा कर्नल आणि दुसऱ्यावर डीबगर. योगायोगाची गोष्ट अशी की लिनक्सच्या केजीडीबीचा सांभाळ २००० ते २००४ या काळात अमित काळे यांनीच केला होता आणि त्यानंतर २००६ पर्यंत तो लिनसिससॉफ्टकडे होता. लिनस टॉरवाल्ड्स यांचा कर्नलमध्ये डीबगर ठेवण्यास दीर्घकाळ विरोध होता. डीबगर हाती असला की माणूस कारणाचा विचार करण्याऐवजी लक्षणावर मलमपट्टी करतो, असा त्यांच्या म्हणण्याचा रोख होता. त्यामुळे केजीडीबी वर्षानुवर्षे मुख्य संहितेबाहेरच राहिला. जेसन वेसेल यांनी पुढे नेलेली त्याची आटोपशीर आवृत्ती २००८ मध्ये लिनक्स २.६.२६ मध्ये आली. सिरियल तारेऐवजी इथरनेटवरून तपासणी करण्याचीही सोय केजीडीबीसाठी झाली होती, परंतु तपासणी इथरनेटच्याच ड्रायव्हरची असेल तर ती निरुपयोगी ठरते हे सांगायला नको.

== फर्मवेअर ==

ड्रायव्हरची संहिता जीपीएल परवान्याखाली खुली आहे. कार्डाच्या आत मात्र स्वतंत्र प्रक्रियक असून त्यांच्यावर कंपनीची बंदिस्त आज्ञावली, म्हणजे फर्मवेअर, चालते. आरंभी ती कार्डावरील फ्लॅश स्मृतीतूनच चढवली जाई. पुढे ड्रायव्हरने ती फाइलमधून चढवण्याची सोय आली. ड्रायव्हरच्या वाचकाला दुभाष्याचा प्रत्येक शब्द कळतो, परंतु पलीकडचा माणूस मनात काय विचार करतो ते कळत नाही. मुक्त सॉफ्टवेअरच्या पुरस्कर्त्यांचा या अर्धवट मोकळेपणावर आक्षेप आहे आणि तो निराधार नाही: फर्मवेअरमधील दोष दुरुस्त करणे उत्पादकावाचून कोणालाही शक्य नसते, आणि उत्पादक उरलाच नाही तर ती वाटही बंद होते.

== पुढील इतिहास ==

क्यूलॉजिक या कंपनीने एप्रिल २००९ मध्ये नेटझेन विकत घेतली. तोवर नेटझेनच्या चिपवरील कार्डे एचपीच्या सर्व्हरांबरोबरही विकली जात होती. २०१० मध्ये क्यूलॉजिकने आपल्या पुढच्या पिढीच्या कार्डांसाठी क्यूएलसीनिक हा ड्रायव्हर आणला; त्याच्या बांधणीवर नेटझेन_निकचा ठसा स्पष्ट दिसतो. लिनक्स ३.२ मध्ये सर्व इथरनेट ड्रायव्हरांची कपाटे नव्याने लावली गेली, तेव्हा हा ड्रायव्हर क्यूलॉजिकच्या कप्प्यात गेला. क्यूलॉजिक २०१६ मध्ये कॅव्हियमकडे आणि कॅव्हियम २०१८ मध्ये मार्व्हेलकडे गेली. एवढ्या हस्तांतरणांतून जुन्या कार्डाचा मालक निराधार झाला नाही, याचे श्रेय संहिता मुख्य शाखेत असण्याला आहे. कर्नलची अंतर्गत व्यवहारभाषा बदलते तेव्हा ती बदलणाऱ्यानेच मुख्य शाखेतील सर्व ड्रायव्हर दुरुस्त करायचे, असा लिनक्सचा शिरस्ता आहे.

== परमनेट ==

नेटवर्क कार्ड आणि त्याचे सॉफ्टवेअर दोन्ही महाराष्ट्रात तयार झाल्याचे उदाहरण प्रगत संगणन विकास केंद्राचे, म्हणजे सी-डॅकचे आहे. १९८८ मध्ये पुण्यात स्थापन झालेल्या या संस्थेने परम महासंगणकांसाठी परमनेट हे स्वतःचे जोडजाळे विकसित केले. परम पद्म या महासंगणकातील परमनेट-२ चा वेग २.५ गिगाबिट प्रतिसेकंद होता. त्याचे गणक आयबीएमचे होते आणि त्यांवर एआयएक्स ही युनिक्स प्रणाली चाले. महासंगणकात वेगापेक्षा विलंबाला अधिक महत्त्व असते. म्हणून येथे प्रोग्रॅमला दर निरोपागणिक कर्नलमधून न जाता कार्डाशी जवळजवळ थेट बोलता यावे अशी व्यवस्था केली होती. ड्रायव्हरचे काम ओळख पटवणे, स्मृतीचा वाटा नेमून देणे आणि बाजूला होणे, एवढेच उरते.

== अभ्यासासाठी ==

संगणकशास्त्राच्या विद्यार्थ्याला या ड्रायव्हरची संहिता विनामूल्य वाचता येते. छत्रपती संभाजीनगर येथील १९६० साली स्थापन झालेले शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय किंवा विद्यापीठ परिसरातील नायलिट केंद्र येथील विद्यार्थ्यांकडे नेटझेनचे कार्ड नसले तरी अडत नाही. क्यूएमयू हे सॉफ्टवेअर साध्या संगणकाच्या आत दुसरा आभासी संगणक उभा करते, आणि त्यात इंटेलच्या ई१००० किंवा रिअलटेकच्या ८१३९ या कार्डांची हुबेहूब नक्कल असते. त्यांचे ड्रायव्हर नेटझेन_निकहून सोपे आहेत. इंटेलने आपल्या कार्डाचे नोंदक सविस्तर समजावणारी पुस्तिकाही सर्वांसाठी खुली केली आहे. आधी ८१३९ चा ड्रायव्हर, मग ई१००० चा आणि त्यानंतर नेटझेन_निक या क्रमाने वाचन केल्यास वलये, नापी आणि कुलुपे यांचा परिचय टप्प्याटप्प्याने होतो. आभासी यंत्रात चुकीचा ड्रायव्हर चढवला तर केवळ तेवढे यंत्र कोसळते आणि काही सेकंदांत ते पुन्हा सुरू करता येते.